सहसंबंध की कारण? व्हिएन्नाच्या दोन वॉर्डांचा तक्ता: प्रकल्प नोंदी

१० जून

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला संशोधन आणि संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलींच्या छोट्या प्रकल्पांत एक वाक्य हमखास सापडतं: अमुक आणि तमुक यांच्यात सहसंबंध आढळला, म्हणून अमुकमुळे तमुक होतं. त्या ‘म्हणून’पाशी सगळं बिघडतं. आइस्क्रीमची विक्री आणि बुडून होणारे मृत्यू (दोन्ही उन्हाळ्यात वाढतात) हे पाठ्यपुस्तकी उदाहरण वर्गात सांगून झालं. मुली हसतात, वहीत उतरवून घेतात आणि प्रकल्पात पुन्हा तेच लिहितात. आइस्क्रीममुळे कुणी बुडत नाही हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे डोकं लावायची वेळच येत नाही.

या वेळी त्यांच्याच कामातलं उदाहरण घ्यायचं ठरवलंय. कारणं पाच-सहा, सगळीच पटण्यासारखी, आकडे खरे, आणि चुकीचं कारण धरलं तर बाळंतिणी दगावतात. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमधले प्रसूतीचे दोन विभाग आणि तिथला डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याने ठेवलेल्या नोंदी. करायचं ते असं: आकडे लिब्रेऑफिस कॅल्क या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये भरायचे, आलेख काढायचे, आणि वर्गात गटाने खेळता येईल असा कार्डांचा संच बनवायचा. दुसऱ्या कुणा शिक्षकाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

१२ जून

आकडे भरले. सेमेलवाइसचं पुस्तक १८६१ सालचं. तक्ते इंग्रजी भाषांतरातून घेतले. बाळंतपणं, मृत्यू, कंसात शेकडा प्रमाण:

१८४१: पहिला विभाग ३०३६, २३७ (७.८); दुसरा २४४२, ८६ (३.५)
१८४२: पहिला ३२८७, ५१८ (१५.८), दुसरा २६५९, २०२ (७.६)
१८४३: पहिला ३०६०, २७४ (९.०), दुसरा २७३९, १६४ (६.०)
१८४४: पहिला ३१५७, २६० (८.२), दुसरा २९५६, ६८ (२.३)
१८४५: पहिला ३४९२, २४१ (६.९), दुसरा ३२४१, ६६ (२.०)
१८४६: पहिला ४०१०, ४५९ (११.४), दुसरा ३७५४, १०५ (२.८)

सहा वर्षांची बेरीज: पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणांत १,९८९ मृत्यू, म्हणजे ९.९ टक्के. दुसऱ्यात १७,७९१ मध्ये ६९१, म्हणजे ३.९ टक्के. एकच हॉस्पिटल, एकच आवार, आणि मृत्यूचं प्रमाण अडीच पट.

पहिल्या विभागाचे महिन्यांचे आकडे भरल्यावर मात्र अडलं. १८४६ च्या बारा महिन्यांतले मृत्यू ४५९ भरतात, ते वार्षिक तक्त्याशी जुळतात. बाळंतपणांची बेरीज ३,३५२ येते, वार्षिक तक्त्यात ४,०१०. टंकताना काही चुकलं का हे तपासण्यात अख्खी दुपार गेली. १८४७ चंही तेच: मृत्यू १७६ जुळतात, बाळंतपणं ३,३७५ आणि ३,४९०. १८४८ ला मात्र दोन्ही आकडे चोख बसतात. शेवटी नियम केला की एका तुलनेतले सगळे आकडे एकाच तक्त्यातले घ्यायचे, मासिक आणि वार्षिक मिसळायचे नाहीत. १८४६ चं प्रमाण वार्षिक तक्त्याने ११.४ येतं आणि मासिक बेरजेने १३.७. निष्कर्ष त्याने फिरत नाही, पण मुली रेषा न् रेषा तपासतात आणि प्रश्न येणारच.

आणखी एक गोष्ट कार्डावर घालायची आहे. साथ जोरात असली की पहिल्या विभागातल्या आजारी बाळंतिणींना सर्वसाधारण वॉर्डात हलवत, आणि तिथे झालेले मृत्यू या तक्त्यात येत नसत. म्हणजे खरं अंतर तक्त्यापेक्षाही मोठं होतं. नोंदीतली त्रुटी कोणत्या बाजूला झुकते हे विचारायची सवय मुलींना इथेच लागेल.

१५ जून

पहिला आलेख: सहा वर्षं, दोन रेषा. कॅल्कच्या कोरेल फंक्शनने दोन्ही विभागांच्या प्रमाणांतला सहसंबंध काढला तर ०.७३ (१ म्हणजे दोन्ही अगदी बरोबरीने वाढतात, ० म्हणजे मेळ नाही, उणे म्हणजे उलट दिशा). एकीकडे मृत्यू वाढले की दुसरीकडेही वाढतात असं दिसतं. त्या काळच्या डॉक्टरांचं आवडतं कारण होतं हवेतलं, वातावरणातलं काहीतरी दूषित तत्त्व. ०.७३ त्यांच्या हाती दिला असता तर त्यांनी तो पुरावा म्हणून मिरवला असता.

मग १८४२ चा बिंदू काढून पाहिला. उरलेल्या पाच वर्षांचा सहसंबंध ०.१७. एका साथीच्या वर्षाने सगळा आकडा उचलून धरला होता.

बाळंतपणांची संख्या आणि मृत्यूचं प्रमाण हेही ताडून पाहिलं, कारण गर्दी हे दुसरं लोकप्रिय कारण. पहिल्या विभागात ०.२४, दुसऱ्यात उणे ०.५२. म्हणजे दुसऱ्या विभागात ज्या वर्षी बायका जास्त, त्या वर्षी प्रमाण कमी. सहा बिंदूंवर यातल्या कशाचाच भरवसा धरता येत नाही, आणि हे मुलींना स्वतः करून कळलं पाहिजे. म्हणून कॅल्कची फाइल तयार उत्तरांसह द्यायची नाही. नुसते आकडे द्यायचे आणि ‘एक वर्ष काढून पुन्हा बघा’ एवढीच सूचना.

पण ०.७३ खराच टिकला असता तरी काय सिद्ध झालं असतं? वर्षागणिक चढउतार दोन्हीकडे मिळून होतात, एवढंच. आपला प्रश्न वेगळा आहे: एकाच वर्षी, एकाच हवेत, एका भिंतीपलीकडे अडीच पट मृत्यू का? सगळ्या व्हिएन्नावर सारखी असलेली हवा या अंतराचं कारण होऊच शकत नाही. बरोबर काढलेला सहसंबंध भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरणं, हा धोका मला आइस्क्रीमच्या उदाहरणात कधी दाखवता आला नव्हता.

१८ जून

कार्डं लिहिली. प्रत्येक कार्डावर एक संशयित कारण, मागे त्याबद्दलची माहिती.

हवा: दोन्ही विभागांना एकच. शिवाय शहरात वाटेतच बाळंत होऊन नंतर दाखल झालेल्या बायकांना बाळंतज्वर (बाळंतपणानंतरचा जीवघेणा ताप, हे मृत्यू त्याचेच) क्वचित होई. हवा त्यांनाही तीच होती.

गर्दी: सेमेलवाइसच्या मते दाटी दुसऱ्या विभागात जास्त, कारण पहिल्यात जायला बायका घाबरत, गयावया करत.

भीती: पहिल्या विभागात मरणासन्न बाईकडे जाणारा पाद्री घंटा वाजवत पाच वॉर्डांतून जाई, दुसऱ्यात त्याला थेट वाट होती. सेमेलवाइसने पाद्र्याला आडवाटेने, घंटेविना यायला सांगितलं. मृत्यू कमी झाले नाहीत.

प्रसूतीची स्थिती: दुसऱ्या विभागात कुशीवर, पहिल्यात उताणी. पहिल्यातही कुशीवर सुरू केलं. फरक नाही.

परदेशी विद्यार्थी: ते तपासणी दांडगाईने करतात असा या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या समितीचा ठपका. हे कार्ड अवघड आहे, त्याची नोंद वेगळी.

शिकणारे कोण: ऑक्टोबर १८४० च्या आदेशानंतर पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या बायका. त्याआधी दोन्हीकडे दोन्ही प्रकारचे शिकाऊ असत आणि दोन विभागांत एवढी दरी नव्हती.

हे शेवटचं कार्ड सगळ्यांत मोलाचं. कोणत्या बाईने कुठे जायचं हे तिच्या प्रकृतीवर किंवा पैशावर ठरत नव्हतं. दाखल करून घेण्याचे दिवस दोन विभागांत आलटूनपालटून वाटलेले होते. मंगळवारी कळा आल्या की बुधवारी, यावर वॉर्ड ठरणार. आजच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, त्याच्या बरंच जवळ जाणारं हे. म्हणून ‘पहिल्यातल्या बायका मुळातच अशक्त असतील’ हा आक्षेप इथे लुळा पडतो.

पाद्र्याच्या आणि कुशीच्या कार्डांवर मी लाल रेघ मारून घेतली. या दोन ठिकाणी सेमेलवाइसने नुसतं पाहिलं नाही, बदल करून पाहिला. तक्ता कितीही वेळ न्याहाळला तरी भीती आणि मृत्यू एकत्र नांदताना दिसतातच. घंटा बंद केल्यावर मृत्यू तसेच राहिले, तेव्हा भीतीचं कारण बाद झालं.

२१ जून

एका छोट्या गटावर चाचणी घेतली आणि ती फसली. पहिल्याच मिनिटाला एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हात धुतले नाहीत म्हणून.” खेळ संपला. हँड हायजीन त्या पहिल्या वर्षापासून घोकतात, उत्तर तोंडपाठ. बाकीची कार्डं त्यांनी त्या उत्तराला अनुरूप अशी लावून टाकली.

दुरुस्ती अशी: शहराचं, डॉक्टरचं नाव कार्डांवरून काढलं. विभाग अ आणि विभाग ब. शवविच्छेदनाचा (ते वैद्यकीय विद्यार्थी करत, सुईणपण शिकणाऱ्या बायका नाहीत) उल्लेख पहिल्या संचात नाही. एप्रिल १८४७ पासूनचे आकडे बंद लिफाफ्यात. आणि सर्वांत कामाची अट: लिफाफा उघडण्याआधी प्रत्येक गटाने लिहून द्यायचं की आपलं कारण खरं असेल तर कोणता बदल केल्यावर कोणता आकडा कुठे जाईल. आधी लिहिलं नाही तर मागाहून प्रत्येक कारण बरोबरच वाटतं.

दुसरी एक अडचण. एकीने ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ म्हणत सगळाच विषय योगायोगावर सोडून दिला. दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. योगायोग म्हणजे कावळ्याचा आणि फांदीचा काही संबंधच नाही. जास्त नोंदी घेतल्या की तो विरून जातो. पण सोसाट्याच्या वाऱ्याने फांदीही मोडली आणि त्याच वाऱ्याने कावळाही तिथे येऊन टेकला, तर दोघांचा सहसंबंध खरा आहे, शंभर वेळा पाहिलं तरी दिसेल, आणि तरीही कावळ्याने फांदी मोडलेली नाही. नोंदी वाढवून हा दुसरा घोटाळा सुटत नाही. वारा शोधावा लागतो. फळ्यावर बाणांची आकृती काढली: वाऱ्याकडून दोन बाण, कावळा आणि फांदी यांच्यामध्ये बाण नाही. ही आकृती संचात घ्यायची.

२४ जून

परदेशी विद्यार्थ्यांचं कार्ड. यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

समितीच्या सांगण्यावरून विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली, परदेशी जवळजवळ वगळले. पुढचे महिने बघा: नोव्हेंबर १८४६ मध्ये १०.८ टक्के, डिसेंबरात ५.४, जानेवारी १८४७ मध्ये ३.२, फेब्रुवारीत १.९, मार्चमध्ये ३.६. प्रमाण एकदम खाली. नोंदी इथे थांबल्या असत्या तर मीसुद्धा समितीच्या बाजूने मत दिलं असतं. बदल केला, आकडा उतरला, आधी-नंतरचा फरक ढळढळीत.

मग एप्रिल: ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू, १८.३ टक्के. मे: २९४ मध्ये ३६. परदेशी विद्यार्थी अजून बाहेरच होते.

चाचणीच्या संचात मी मार्चपर्यंतचे आकडे एका कार्डावर आणि एप्रिल-मे दुसऱ्या कार्डावर ठेवले. पहिलं कार्ड पाहून गटाने निर्णय लिहायचा, मग दुसरं उलटायचं. एका बदलानंतरची घट पुरावा म्हणून किती तोकडी पडते हे याहून चांगलं मला कुठे सापडलेलं नाही.

एप्रिलच्या चढाबद्दल सेमेलवाइसने स्वतः जे लिहिलंय ते वाचताना थांबावं लागतं. २० मार्चला तो पुन्हा सहायक म्हणून रुजू झाला. कारण शोधायच्या तळमळीने तो इतर कुणाहीपेक्षा जास्त प्रेतं तपासत असे आणि तिथून थेट वॉर्डात जाई. आपल्यामुळे किती बायका अकाली गेल्या हे देवालाच ठाऊक, अशा अर्थाचं त्याने छापून ठेवलं आहे. विद्यार्थ्यांची संख्या हे कारण नव्हतं. त्यांच्या, आणि त्याच्याही, हाताला जे चिकटून येत होतं ते कारण होतं.

ते त्याला कळलं मित्राच्या मरणाने. याकोब कोलेच्का हा न्यायवैद्यकाचा प्राध्यापक. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली आणि १३ मार्च १८४७ ला तो गेला. सेमेलवाइस तेव्हा व्हेनिसला होता. परतल्यावर शवचिकित्सेचा अहवाल वाचला तर आत जे सापडलं होतं ते हुबेहूब बाळंतज्वराच्या बायकांसारखं. कोलेच्का पुरुष, त्याला ना बाळंतपण, ना पाद्र्याची भीती, ना वॉर्डातली गर्दी. बाकी सगळं गळून पडलं आणि एकच समान दुवा उरला.

२८ जून

लिफाफ्यातला आलेख. मेच्या मध्यावर क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सुरू झालं (पुढे खर्चामुळे क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर). जून २६८ मध्ये ६, जुलै २५० मध्ये ३, ऑगस्ट २६४ मध्ये ५.

फ्लेक्सवर आधी एप्रिल आणि जून शेजारी-शेजारी मोठ्या अक्षरांत घेतले होते: १८.३ आणि २.२. दिसायला जोरदार, पण हे टिकत नाही. एप्रिल हा टोकाचा महिना. टोकाच्या महिन्यानंतर काहीच न करताही पुढचे महिने बहुधा खालीच येतात. ताप १०४ असताना दिलेलं कोणतंही औषध गुणकारी वाटतं ते यामुळेच. शिवाय जानेवारी ते मार्च मिळून ९२८ मध्ये २७ मृत्यू, म्हणजे २.९ टक्के, जून ते ऑगस्ट ७८२ मध्ये १४, म्हणजे १.८. तीन महिन्यांची तीन महिन्यांशी तुलना केली तर फरक किरकोळ वाटतो. छापायला दिलेला फ्लेक्स थांबवला, डिझाइनचे ₹१५० गेले.

नवा आलेख वर्षांचा आणि दोन्ही विभागांचा. पहिला विभाग १८४६ मध्ये ११.४, १८४८ मध्ये १.३ (३,५५६ मध्ये ४५). दुसरा विभाग २.८ आणि १.३ (३,२१९ मध्ये ४३). दुसरा विभाग सोबत हवाच. तिथेही थोडी घट आहे, म्हणजे काही उतार क्लोरीनविनाही झाला असता. पण पहिल्याची घट कितीतरी मोठी, आणि वर्षानुवर्षं दीड ते चार पटींची दरी होती ती बुजली. महिन्यांच्या तक्त्यात १८४८ चे मार्च आणि ऑगस्ट हे दोन महिने शून्य मृत्यूचे.

१ जुलै

दुसरा लिफाफा, सप्टेंबर ते नोव्हेंबर १८४७. प्रमाण पुन्हा ४.६, ४.०, ४.५. हात तर धुतले जात होते. पहिल्या खर्ड्यात मी हे महिने गाळले होते, गोष्ट सरळ राहावी म्हणून. आता मुद्दाम घातले. ऑक्टोबरात गर्भाशयाचा स्राव होणारा कर्करोग असलेली बाई वॉर्डातल्या पहिल्या खाटेवर होती. तपासणीची फेरी तिच्यापासून सुरू होई, आणि तिच्यानंतर हात नुसत्या साबणाने धुतले जात. तेव्हा बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा दगावल्या. यावरून कळलं की प्रेतच लागतं असं नाही. कोणताही सडका द्रव पुरे. मग प्रत्येक तपासणीनंतर क्लोरीन सुरू झालं. कारण बरोबर ओळखलं तरी ते अर्धंच ओळखलेलं असू शकतं, आणि उरलेलं अर्धं न जुळणाऱ्या महिन्यांत दडलेलं असतं. जंतू तेव्हा कुणी दाखवले नव्हते. पाश्चरने बाळंतज्वरातले साखळीसारखे जंतू दाखवले १८७९ मध्ये, सेमेलवाइस १८६५ लाच गेला होता. यंत्रणा माहीत नसतानाही कारणाला हात घालता येतो, हे मुलींना आवर्जून सांगते.

५ जुलै

पूर्ण वर्गावर घेतलं. खर्च: कार्डशीट आणि प्रिंट ₹३४०, लिफाफे ₹६०, नवा फ्लेक्स ₹२२०. एका तासात मावत नाही. सलग दोन तास लागतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्डाला त्यातली वीस मिनिटं ठेवा. सातपैकी पाच गटांनी मार्चपर्यंतचे आकडे बघून समितीला दुजोरा दिला होता. एप्रिलचं कार्ड उलटल्यावर वर्गात पसरलेली शांतता मला हवी होती तीच.

तासानंतर एक मुलगी प्रकल्पाची वही घेऊन आली. तिच्या प्राथमिक तक्त्यात ज्या मातांच्या एएनसी (प्रसूतीपूर्व तपासणीच्या) भेटी जास्त, त्यांचं सिझेरियनही जास्त. तिने वाक्य लिहून ठेवलं होतं: जास्त तपासण्यांमुळे सिझेरियन वाढतं. ते खोडून तिने बाणांची आकृती काढली होती आणि वरच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. “मॅडम, इथला वारा कोणता?” मी विचारलं, पुन्हा पुन्हा कुणाला बोलावतात? ती लगेच म्हणाली, बीपी वाढलेल्यांना, आधीचं सिझेरियन असलेल्यांना, रक्त कमी असलेल्यांना.

आता ती रजिस्टरमधून नोंदणीच्या वेळचं बीपी, एचबी (हिमोग्लोबिन) आणि आधीच्या सिझेरियनची नोंद असे तीन रकाने नव्याने उतरवून घेते आहे. ते भरले की जोखमीच्या आणि बिनजोखमीच्या मातांचे तक्ते वेगवेगळे मांडून पाहायचे.